संमेलनास का जावे?

दिवाळी सरली की आयुर्वेदीय संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत कुठे राज्यस्तरीय परिषद, कुठे जिल्हा शाखेचे अधिवेशन, कुठे एखाद्या महाविद्यालयाचे चर्चासत्र अशी निमंत्रणे येत राहतात आणि त्यांतील बहुतेक वैद्यांच्या टेबलावर औषधकंपन्यांच्या पत्रकांखाली दबून जातात. "दोन दिवस दवाखाना बंद ठेवून तिथे जाऊन मिळते काय?" हा प्रश्न सभासदांकडून आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचा एकदा सविस्तर विचार करावा असे वाटू लागले. प्रश्न रास्त आहे. तालुक्याच्या गावी एकट्याने व्यवसाय करणाऱ्या वैद्याने दोन दिवस दार लावले तर दोन दिवसांची प्राप्ती बुडते, प्रवासखर्च व प्रतिनिधी शुल्क अंगावर पडते, आणि तिसऱ्या दिवशी "तुम्ही नव्हता म्हणून समोर दाखवले" असे सांगणारे दोन-चार रुग्ण भेटतातच. एवढे मोल देऊन हाती एक कापडी पिशवी, एक स्मरणिका आणि एक प्रमाणपत्र इतकेच लागणार असेल, तर न जाणाराच शहाणा म्हणावा लागेल.

तरीही आमचे स्पष्ट मत असे की वैद्याने वर्षातून एकदा तरी संमेलनास जावे. नवी माहिती मिळते हे कारण आहेच. परंतु त्याहून मोठे कारण म्हणजे आपल्या व्यवसायातील ओसरलेला उत्साह तेथे परत मिळू शकतो. मिळू शकतो, मिळतोच असे नव्हे. तो व्यासपीठावरून वाटला जात नाही. तो नेमका कुठून येतो हे ओळखले नाही तर संमेलने भरत राहतील, वैद्य जात राहतील आणि जसे गेले तसेच परत येतील.

उत्साह ओसरणे म्हणजे काय, हे एकट्याने दवाखाना चालवणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. पदवी घेऊन बाहेर पडलेला तरुण वैद्य पहिली काही वर्षे प्रत्येक रुग्णाची अष्टविध परीक्षा करतो, निदानपंचकाचा विचार करतो, रात्री ग्रंथ उघडून बसतो. पुढे दवाखान्यातील गर्दी वाढते किंवा वाढत नाही. दोन्हींचा परिणाम बहुधा सारखाच होतो. जिभेकडे पाहणे सुटते. मलप्रवृत्तीविषयीचे प्रश्न "पोट साफ होते ना?" एवढ्या एका वाक्यावर येऊन थांबतात. शेकडो कल्पांपैकी पंधरा-वीस कल्प हाताच्या सवयीचे होतात आणि संधिशूल म्हटले की योगराज गुग्गुळ, अम्लपित्त म्हटले की सूतशेखर, प्रदर म्हटले की अशोकारिष्ट, अशी रोगाच्या नावाला कल्पाचे नाव जोडून मोकळे होण्याची रीत पडते. त्याने कित्येकांना गुण येतोही. पण रुग्ण बरा झाला तरी वैद्याला आनंद होत नाही, आणि नाही झाला तरी त्याची झोप उडत नाही. उत्साहनाशाचे हे पूर्वरूप होय.

याला आळस म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. याचे हेतू पाहू गेल्यास एकटेपणा हा प्रधान हेतू दिसतो. मोठ्या रुग्णालयात काम करणाऱ्यास निदान शेजारच्या कक्षातील सहकारी "हे का दिलेत?" असे विचारतो. आपल्या दवाखान्यात आपण आणि पुड्या बांधणारा मदतनीस. तो बिचारा काय विचारणार? उरला रुग्ण. ज्यास गुण येतो तो येऊन सांगतो, किंवा पाहुण्याला घेऊन येतो. ज्यास येत नाही तो फिरकतच नाही. न आलेला रुग्ण बरा होऊन घरी बसला की दुसरीकडे गेला, हे कळण्यास मार्ग नसतो. अशा रीतीने वर्षानुवर्षे आपल्या चिकित्सेचे निम्मे फलित आपल्यापुढे येतच नाही. ज्या कामाचे फळ दिसत नाही त्या कामावरचा, आणि हळूहळू त्या शास्त्रावरचाही, विश्वास पातळ होतो. पुढे काहीजण तयार औषधांच्या प्रतिनिधीने सांगितलेलेच लिहू लागतात, काहीजण अन्य पद्धतीच्या औषधांकडे वळतात. त्या जुन्या वादात आम्ही येथे शिरत नाही. फक्त एवढेच नोंदवतो की त्या वळणावर पोचलेल्या वैद्याशी शेवटचे शास्त्रीय संभाषण केव्हा झाले, असे विचारले तर उत्तर पुष्कळदा "महाविद्यालयात" असे येते.

आपल्या पूर्वाचार्यांना हा धोका ठाऊक होता असे म्हणण्यास आधार आहे. चरकसंहितेतील कथेप्रमाणे आयुर्वेदाचे अवतरणच मुळी एका सभेतून झाले. रोगांमुळे तप, अध्ययन, व्रते यांत विघ्ने येऊ लागली तेव्हा महर्षी हिमालयाच्या परिसरात एकत्र जमले आणि त्यांनी भरद्वाजांना इंद्राकडे धाडले. पुढेही महत्त्वाचे सिद्धान्त ठिकठिकाणी सभेतच ठरताना दिसतात. सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात वायूविषयी चर्चा चालू असता राजर्षी वार्योविद वायूचे विराट रूप वर्णन करतात. तेव्हा मरीची मध्येच विचारतात की हे सारे खरे असले तरी चिकित्सेच्या चर्चेत त्याचा उपयोग काय? आजच्या संमेलनांत कोणी वक्त्यास असा प्रश्न केला तर सूत्रसंचालक वेळेची सबब पुढे करील! वार्योविदांनी मात्र उत्तर दिले. अतिबलवान, शीघ्रकारी वायूचे ज्ञान वैद्याला नसेल तर त्याच्या प्रकोपापूर्वी तो रुग्णास सावध कसा करणार, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. मरीचींनी विचारले नसते तर ते उत्तर ग्रंथात आले नसते.

सव्विसाव्या अध्यायात चैत्ररथ वनातील सभा रसांची संख्या ठरवण्यास बसते. भद्रकाप्य म्हणतात रस एकच. शाकुंतेय दोन मानतात. पूर्णाक्ष मौद्गल्य तीन, हिरण्याक्ष कौशिक चार, कुमारशिरा भरद्वाज पाच, वार्योविद सहा, निमी वैदेह सात, बडिश धामार्गव आठ, आणि बाह्लीक देशाचा वैद्य कांकायन म्हणतो की रस अगणित आहेत. पुनर्वसू आत्रेय शेवटी सहाचा निर्णय देतात. आपण परीक्षेसाठी 'रस सहा' हे उत्तर पाठ केले आणि ही सभा मात्र विसरलो. संहिताकारांनी बाद ठरलेली आठ मते, ती मांडणाऱ्यांच्या नावांसह जपून ठेवली आहेत. पराभूत मताचाही असा आदर ज्या शास्त्रात आहे त्याच्या संमेलनात आज मतभेद उच्चारणे अशिष्ट समजले जावे, याचे आम्हास नवल वाटते.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तर तद्विद्यसंभाषेचे शास्त्रच सांगितले आहे. समान विद्या असलेल्यांनी परस्परांशी बोलावे. त्याने ज्ञान वाढते, वाणीस सामर्थ्य येते, ऐकलेल्या विषयातील संदेह फिटतो, आणि न ऐकलेले ऐकायला मिळते. यांत हर्षाचाही उल्लेख आहे, हे विशेष. ज्ञानप्राप्तीच्या उत्कंठेबरोबर आनंद येतो हे आचार्यांनी जाणले होते. त्यालाच आज आपण उत्साह म्हणतो. त्याच ठिकाणी एक अत्यंत मार्मिक निरीक्षण आहे. गुरू जे रहस्य प्रसन्न होऊन एखाद्या शुश्रूषू शिष्यास थोडे थोडे सांगतो, ते वादाच्या भरात, जिंकण्याच्या ईर्ष्येने, वैद्य एकदम सर्वच्या सर्व बोलून जातो. मनुष्यस्वभावाचे हे ज्ञान किती अचूक आहे, याचा प्रत्यय कोणत्याही संमेलनात चहाच्या वेळी येतो.

असा एक प्रसंग आम्ही जवळून पाहिला. क्षारसूत्राचा विषय निघाला होता. स्नुहीक्षीराचे अकरा लेप, नंतर स्नुहीक्षीर व अपामार्गक्षार यांचे सात, आणि शेवटी स्नुहीक्षीर व हरिद्रा यांचे तीन, असे एकवीस लेप सर्वांस ठाऊक असतात. सोलापूरकडील एक तरुण वैद्य म्हणाले, "हल्ली विकत मिळणारे सूत्रच बरे; हाताने करण्याची यातायात कोण करतो?" शेजारी कोकणातील एक वृद्ध वैद्यराज उभे होते. एरवी मितभाषी; आपली कृती कोणास सांगत नाहीत अशी त्यांची ख्याती. ते उसळले. "तुमच्याकडे हवा कोरडी आहे, तुम्हांला काय कळणार? आमच्याकडे आषाढात एक लेप चार दिवस वाळत नाही!" मग पावसाळ्यात सूत्रास बुरशी का येते, म्हणून ते वर्षभराचे सूत्र उन्हाळ्यातच का करून ठेवतात, शिशिराच्या अखेरीस काढलेले क्षीर आणि पावसात काढलेले पातळ क्षीर यांत बोटांना काय फरक लागतो, लेप देताना फडक्याचा दाब कुठे कमी करावा, बाटलीत ओलावा राहू नये म्हणून काय करावे, हे सारे त्यांनी वीस मिनिटांत सांगून टाकले. भोवती पंधरा-वीस वैद्य जमले. कोणी स्मरणिकेच्या कोऱ्या पानावर लिहून घेत होते. सभागृहातून पुढील सत्राची घोषणा होत होती आणि कोणीही हलत नव्हते. काशी हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी क्षारसूत्राचे पुनरुज्जीवन केले त्याला आता साठ वर्षे होत आली. पुस्तकांत त्याची कृती सर्वत्र छापलेली आहे. परंतु कोकणातील आषाढ पुस्तकात नसतो.

त्याच संमेलनातील दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. एका मध्यमवयीन वैद्यांनी आमवाताचा रुग्णानुभव सादर केला, आणि तो अपयशाचा होता. चाळिशीची स्त्री; सकाळी बोटे आखडणे, मनगटे व गुडघे सुजणे, अरुची, अंग जड. लंघन, शुंठीसिद्ध जल, वालुकापोट्टलीचा रूक्ष स्वेद, पुढे एरंडस्नेह व सिंहनाद गुग्गुळ असा क्रम त्यांनी ठेवला होता. बाराव्या दिवशी भूक उत्तम लागली, सूज उतरली. निरामावस्था आली असे समजून त्यांनी स्नेहन आरंभले आणि पाच दिवसांत सांधे पूर्ववत सुजले. रुग्णा परत आली नाही. "माझे कुठे चुकले ते सांगा," एवढे म्हणून ते थांबले.

सभागृहात क्षणभर शांतता होती. मग एका ज्येष्ठ वैद्यांनी विचारले, "ऋतू कोणता होता?" वर्षा ऋतू. दुसऱ्याने विचारले, सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकत होता, तो कमी झाला होता का, की केवळ भूक वाढली होती? आखडलेपणा होता, थोडा. मागच्या रांगेतील एका वैद्य भगिनींनी विचारले, "त्यांना घरी विश्रांती होती, की धुणीभांडी थंड पाण्यातच चालू होती?" हे विचारलेच गेले नव्हते. पदव्युत्तर विभागातील एका विद्यार्थ्याने रक्तातील दाहदर्शक चाचण्यांचे आकडे मागितले, ते दोनदा केलेले होते आणि दुसऱ्या वेळी फारसे उतरलेले नव्हते. म्हणजे केवळ क्षुधेवरून निरामता ठरवावी काय, हा प्रश्न उभा राहिला. जिव्हा, मल, गौरव, स्तंभ यांपैकी कोणते लक्षण शेवटी जाते, यावर मतभेद झाले. वैतरण बस्ती त्या टप्प्यावर द्यावा की नाही यावर दोन तट पडले आणि एकमत झाले नाही. दहा मिनिटांचे सादरीकरण पन्नास मिनिटे चालले. अध्यक्ष सुज्ञ होते, त्यांनी घंटा वाजवली नाही.

त्या पन्नास मिनिटांत सभागृहातील प्रत्येक वैद्याच्या मनात आपापल्या दवाखान्यातील एखादा आमवाताचा रुग्ण उभा राहिला असला पाहिजे, निदान आमच्या मनात राहिला. माधवकरांनी आमवातास स्वतंत्र अध्याय दिला. तो अध्याय त्या दिवशी सायंकाळी धर्मशाळेच्या खोलीत कित्येकांनी पुन्हा वाचला. अध्यक्षीय भाषण ऐकून कोणी ग्रंथ उघडल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आपल्यासारखाच एक वैद्य आपल्यासारख्याच अडचणीत सापडला, तो ती उघडपणे मांडतो आहे आणि तीवर शास्त्राच्या भाषेत विचार होऊ शकतो, हे पाहिल्यावर मनावरची धूळ उडते. शास्त्र संपलेले नाही, आपल्याला त्यात अजून काम आहे, असे वाटू लागते. संमेलनातून मिळणारा उत्साह तो हाच.

आमच्या व्यवसायाच्या इतिहासातही एकत्र येण्याने काय घडते याचा पुरावा आहे. 'आर्यभिषक्' या ग्रंथाचे कर्ते वैद्य शंकर दाजी शास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिक येथे अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची स्थापना केली. तो काळ वैद्यांना प्रतिकूल होता. पाच वर्षांनी, १९१२ मध्ये, मुंबई इलाख्यात वैद्यकीय नोंदणीचा कायदा झाला, त्यात वैद्यांना स्थान नव्हते. गावोगावचे वैद्य एकेकटे होते. प्रत्येकाची विद्या घरची, प्रत्येकाचा पाठ गुप्त. पदेशास्त्री १९०९ साली निवर्तले, म्हणजे आपल्या संमेलनाची त्यांनी दोन वर्षे पाहिली असतील-नसतील. परंतु एकत्र येण्याचा पाठ चालू राहिला. मुंबई इलाख्यात वैद्यांची नोंदणी करणारा कायदा १९३८ मध्ये झाला, त्यामागे या तीन दशकांच्या संघटनेचा वाटा नाही असे कोण म्हणेल? आपण नावामागे नोंदणी क्रमांक लावतो तो या पुण्याईवर.

आता आजच्या संमेलनांकडे वळू. येथे थोडे कठोर लिहावे लागते. दहाचे उद्घाटन साडेअकरास होते, कारण प्रमुख पाहुणे वाटेत असतात. दीपप्रज्वलन, धन्वंतरीस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, सत्काराला उत्तर, स्मरणिकेचे प्रकाशन, पुन्हा सत्कार. धन्वंतरीस्तवनास आमचा विरोध असण्याचे कारणच नाही. पण शाल-श्रीफळांच्या एवढ्या राशीखाली दुपारचे शोधनिबंध प्रत्येकी सात मिनिटांत उरकले जातात. निबंध वाचणाराही पदोन्नतीच्या कागदासाठी वाचत असतो आणि ऐकणारे जेवणाच्या वासाकडे लक्ष ठेवून असतात. चरकांनी परिषदेचे ज्ञानवती व मूढ असे दोन, आणि पुन्हा सुहृद, उदासीन व प्रतिनिविष्ट असे भेद सांगितले आहेत. आजची आपली परिषद ज्ञानवती आहे यात शंका नाही, पण ती उदासीन झाली आहे. तिला तसे आपणच केले. जिथे प्रश्न विचारण्यास वेळ ठेवलेला नसतो तिथे श्रोत्याने उदासीन होण्यापलीकडे काय करावे?

मोठ्या परिषदांविषयीही दोन शब्द. जागतिक आयुर्वेद परिषद २००२ साली कोची येथे सुरू झाली, २००६ मध्ये ती पुण्यात भरली, डिसेंबर २०२२ मध्ये पणजी येथे नववी आणि डिसेंबर २०२४ मध्ये डेहराडून येथे दहावी झाली. अशा ठिकाणी एकदा तरी जावे. देशोदेशीचे प्रतिनिधी, संशोधनसंस्थांची दालने आणि वनौषधींची प्रदर्शने पाहिली म्हणजे आपण ज्या शास्त्राचे एका लहान खोलीत आचरण करतो त्याचा विस्तार डोळ्यांत भरतो, आणि गावाकडील वैद्याची मान ताठ होते. हाही उत्साहच, त्याला कमी लेखू नये. तथापि आमच्या मते तो दीर्घकाळ टिकत नाही, कारण हजारोंच्या मेळ्यात कोणी कोणास "ऋतू कोणता होता?" असे विचारू शकत नाही. साठ-सत्तर वैद्यांचे, एका विषयावरचे, एकमेकांची नावे ठाऊक होतील एवढेच संमेलन या कामी अधिक फलदायी. भव्यतेचा मोह आयोजकांनी आवरला तर खर्चही आटोक्यात येईल आणि प्रायोजकांपुढे वाकावे लागणार नाही.

घरबसल्या व्याख्याने ऐकता येत असताना प्रवास कशाला, असेही आता विचारले जाते. २०२० च्या महामारीनंतर ऑनलाइन व्याख्यानांची रेलचेल झाली आणि दुर्गम भागातील वैद्यांना त्यांचा लाभ झाला हे मान्य केले पाहिजे. आम्हीही ती ऐकतो. पण ऐकता ऐकता रुग्ण तपासणे, पुड्या बांधणे, फोन घेणे हे सारे चालू असते. शिवाय पडद्यावर कोणी आपले अपयश सांगत नाही. ध्वनिमुद्रण होत असते ना! ती गोष्ट समोरासमोर बसलेल्या, एका पंगतीस जेवलेल्या माणसांतच होते. चरकांनी संधाय संभाषेसाठी जो सहकारी सांगितला, तो न रागावणारा, असूया न करणारा, समजावून घेणारा व समजावून देणारा आहे. असा मनुष्य हा की नव्हे, हे त्याच्याजवळ बसल्याशिवाय कळत नाही.

संमेलनाहून परतल्यावर पहिला आठवडा कसा जातो, यावर पुष्कळ अवलंबून असते. उत्साह हा अग्नीसारखा आहे. त्याला त्वरित इंधन न मिळाले तर मंदावतो. आमच्या परिचयाचे काही वैद्य एक साधी गोष्ट करतात. परतल्यावर अडलेल्या रुग्णांची चार-पाच रुग्णपत्रके ते बाजूला काढतात, त्यांच्याकडे नव्याने पाहतात, आणि संमेलनात भेटलेल्या एखाद्या वैद्यास त्यांतील एकाविषयी पत्र लिहितात किंवा फोन करतात. न आलेल्या रुग्णांच्या घरी चौकशीचा फोन करण्याची पद्धत एकाने अशीच सुरू केली. पहिल्याच महिन्यात त्यांना कळले की 'सोडून गेले' असे वाटलेल्यांपैकी काहीजण बरे होऊन स्वस्थ होते आणि काहींनी केवळ काढ्याच्या कडूपणाला कंटाळून औषध सोडले होते. कल्पना बदलून त्यांना वटी दिल्या गेल्या. यात थोर संशोधन काही नाही. पण पंधरा वर्षांच्या व्यवसायानंतर त्या वैद्यांनी रुग्णपत्रकात पुन्हा जिव्हेची नोंद करण्यास आरंभ केला, ही आमच्या लेखी शोधनिबंधाहून मोठी गोष्ट आहे.

आपल्या संघटनेच्या आगामी वार्षिक अधिवेशनाची आखणी सुरू होत आहे. तिच्यासाठी काही सूचना येथे करतो. सभासदांनी त्यांवर जरूर लिहावे. उद्घाटनास अर्धा तास पुरे. सत्कार रात्रीच्या भोजनापूर्वी करावेत, तेव्हा ते अधिक प्रसन्नपणे होतात. दोन दिवसांत निबंध सहाच असावेत, पण प्रत्येकास एक तास द्यावा आणि त्यातील चाळीस मिनिटे सभेची असावीत. सहांपैकी किमान दोन रुग्णानुभव अपेक्षित गुण न आल्याचे असावेत. ते सादर करणाऱ्यास आधी निमंत्रण देऊन, सन्मानाने बोलवावे; कोणी आपणहून पुढे येईल अशी अपेक्षा ठेवू नये. रुग्णाची ओळख उघड होणार नाही याची काळजी घेणे ओघाने आलेच. नव्या पदवीधरांकडून शुल्क घेऊ नये. त्यांना ज्येष्ठांच्या खोल्यांतच उतरवावे, वेगळ्या वसतिगृहात नव्हे. रात्रीच्या गप्पांत जे मिळते त्याला ते मुकतात.

आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे आजवर आपले दुर्लक्ष झाले. आपल्या सभासदांत वैद्य भगिनींची संख्या मोठी आहे, पण संमेलनातील उपस्थितीत ती दिसत नाही. दवाखाना, घर, मुलांच्या परीक्षा, सासू-सासऱ्यांची शुश्रूषा यांतून सलग दोन दिवस काढणे त्यांना कठीण जाते, आणि दवाखाना बंद राहिला तर रुग्ण तुटण्याची भीती त्यांनाही तेवढीच असते. आमवाताच्या त्या चर्चेत थंड पाण्याचा प्रश्न मागच्या रांगेतून आला तो एका भगिनीचा होता. तशा किती प्रश्नांना आपण मुकतो याचा हिशोब कोणी केलेला नाही. यासाठी तालुका शाखांनी एक व्यवस्था करून पाहावी. संमेलनाच्या दिवसांत शेजारच्या गावचा एक वैद्य मागे राहील आणि जाणाऱ्या दोघा-तिघांचे रुग्ण त्यांच्याच दवाखान्यात, त्यांच्याच रुग्णपत्रकावर पाहील; शुल्क मूळ वैद्याचे. पुढच्या वर्षी मागे राहिलेला जाईल आणि गेलेला मागे राहील. रुग्णपत्रके दुसऱ्याच्या हाती जाणार म्हटल्यावर ती नीट लिहिली जातील, हा त्यातला वरकड लाभ. ज्या शाखा हे करून पाहण्यास तयार असतील त्यांनी मागे राहणाऱ्या वैद्यांची नावे अधिवेशनाच्या एक महिना आधी कार्यवाहांकडे कळवावीत.